कापलेली सात पानं

शैला,

काल मखमलाबादला तुझ्या घरी गेलो, तर विलासरावांनी मला दारातल्या खुर्चीत बसायला सांगितलं. इतकी वर्षं त्या खुर्चीत तुझ्याशिवाय कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पाहुणे आत सोफ्यावर आणि तू उंबऱ्यापाशी, असाच तुमच्या घरचा रिवाज. तू या घराची मालकीण आहेस की वॉचमन, असं मी चिडवायचो. "वॉचमनला निदान पगार मिळतो," असं तू म्हणायचीस. काल तिथे बसून चहा घेतला. चहा नेहमीसारखाच होता, पण मला तो संपवता आला नाही.

तुझी शोकसभा चांगली झाली म्हणतात. चौघं बोलले. त्यातल्या तिघांनी तुझ्या कादंबरीतलं तेच ते प्रसिद्ध वाक्य म्हणून दाखवलं. तुझ्या शाळेच्या बाई तर म्हणताना रडल्या. "सोमाने तिचा हात हातात घेतला आणि रेवाची सगळी भीती त्या पाण्याबरोबर वाहून गेली." मागच्या रांगेत बसलेल्या पोरींनी ते त्यांच्याबरोबर पुटपुटलं, इतकं ते पाठ आहे सगळ्यांना. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मैत्रीण गेल्याचं दुःख. ते होतंच. पण ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं, आणि त्या हॉलमध्ये हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो.

म्हणून हे लिहितोय. तू कुठे जन्मलीस, किती वर्षं मराठी शिकवलंस, ते सगळं पेपरात येऊन गेलं. जे आलं नाही ते आपल्या मासिकातच यायला हवं, कारण गुन्हाही त्याच्याच टेबलावर घडला.

आपण मनमाडचे. रेल्वे क्वार्टर्समध्ये तुमचं घर पुढच्या ओळीत, आमचं मागच्या. तुझे वडील गार्ड, त्यामुळे घरी कमी आणि गाडीवर जास्त. आई गेल्यावर सहावीत त्यांनी तुला वसतिगृहात ठेवलं आणि नववीत परत आणलं. जाताना तू चिंचा पाडायला झाडाच्या शेंड्यावर जाणारी पोरगी होतीस. आलीस ती दाराजवळच्या बाकावर बसणारी. वर्गाचं दार वाऱ्याने आपटलं की तुझ्या हातातलं पेन खाली पडायचं. मुलं हसायची. मीही हसलोय, एकदा नाही, बऱ्याचदा. तिथे काय झालं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढे तीस वर्षांत कधी विचारलं नाही. "आपण कशाला कोणाच्या खाजगीत शिरा," असं म्हणायचो मी. फार सोयीचं वाक्य आहे ते.

पुढे मी नाशिकला आलो, रविवार कारंजाजवळच्या एका खोलीत कुमारांसाठी मासिक सुरू केलं आणि उपाशी मरायच्या बेताला आलो. तू लग्न करून विलासरावांच्या फुलशेती करणाऱ्या घरात आलीस आणि शाळेत लागलीस. एक दिवस, नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, शाळेची पिशवी खांद्याला लावून तू माझ्या खोलीचा जिना चढून आलीस आणि टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवलास. सगळे पाठकोरे. पुढच्या बाजूला सहामाहीची प्रश्नपत्रिका, मागच्या बाजूला तुझी कादंबरी.

"वाच आणि सांग," म्हणालीस. "आणि सांगताना लाडात येऊ नकोस, मला खोटं लगेच कळतं."

तेव्हा आपल्याकडे मुलांसाठी असलं कोणी लिहीत नव्हतं. तू पुढच्या काळातलं नाशिक उभं केलं होतंस. धरणाचं पाणी महामंडळाच्या ताब्यात, नदी कोरडी, घाटाच्या पायऱ्यांवर पहारा. चौदा वर्षांची झालेली मुलं मोजणीघरात नेऊन त्यांची माणशी पाण्याची हद्द ठरवायची. त्यात रेवा नावाची पंधरा वर्षांची मुलगी एक हंडा जास्त भरते म्हणून तिला अकरा महिने कोठारात कोंडतात. बाहेर तिला शोधणारा सोमा, पेठकडच्या डोंगरातला. शेवटी मुलं दरवाजे उघडतात आणि पाणी सुटतं. मी एका बैठकीत वाचलं. म्हणजे, शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचलं. ते तू "अजून हात फिरवायचाय" म्हणून स्वतःकडेच ठेवलं होतंस.

दोन वर्षं ती क्रमशः छापली. पोरांची पत्रं यायची ती पिशवीभर. रेवा सुटणार का, सोमा तिला भेटणार का, हेच सगळ्यांना हवं होतं. कोठारातल्या प्रकरणात रेवा पोती मोजते. उजवीकडून डावीकडे, मग डावीकडून उजवीकडे, मग फक्त ज्यांना ठिगळ आहे ती. दीड पान नुसतं तेच. मी त्याचं अर्धं पान केलं आणि समासात लिहिलं, "वाचक कंटाळेल." तू ते पाहून म्हणालीस, "कंटाळू दे. ती पण कंटाळली होती." पण ती कापाकापी तू चालवून घेतलीस. त्यामुळे मी सोकावलो.

मग पुस्तक करायचं ठरलं. दिवाळीआधीच्या प्रदर्शनात ते आलंच पाहिजे, अशी माझी घाई. छपाईत सोळा पानांचा एक फर्मा असतो, हे तुला मी हजारदा ऐकवलंय. आठ फर्म्यांचं, म्हणजे एकशे अठ्ठावीस पानांचं पुस्तक मी ठरवलं होतं आणि तेवढाच कागद येऊन पडला होता. मजकूर लावून झाला तेव्हा तो एकशे पस्तीस पानांवर गेला. सात पानं जास्त. आणि तू ऐनवेळी पाठवलेलं शेवटचं प्रकरण बरोबर सात पानांचं. त्याचं नाव होतं 'नंतर'.

धरणाचे दरवाजे एकशे अठ्ठाविसाव्या पानावर उघडत होते. खाली चार ओळींची जागा उरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईच्या प्लेटा करायच्या होत्या. तुझे वडील आजारी म्हणून तू मनमाडला, शेजाऱ्यांच्या फोनवर मी दोनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही. सात पानांची पहिली दोन पानं चाळली. मुलगा येतो, मुलगी नको म्हणते, मुलगा जातो. परत येतो, परत नको. मनात म्हटलं, शैला दमली असणार, शेवट काही जमला नाही तिला. पाणी सुटल्यावर कोण वाचतं असलं? मी ती पानं बाजूला ठेवली आणि उरलेल्या चार ओळींच्या जागेत माझं ते वाक्य बसवलं. अगदी मापात बसलं. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं, काय सांगू.

पुस्तक आलं त्या दिवशी मी पेढे आणून ठेवले होते. तू आलीस, कव्हरवर हात फिरवलास, वास घेतलास, सगळे घेतात तसा. मग एकदम शेवटचं पान उघडलंस. मी बोलतच होतो, कागद कसा छान लागलाय वगैरे.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. अगं, फर्म्यात बसत नव्हतं. आणि खरं सांगू, तसाच शेवट जास्त भिडतो."

"माझं प्रकरण तू वाचलंस का?"

"तीनदा वाचलं. नीट विचार करून निर्णय घेतला."

हे मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो. तू पुस्तक पिशवीत टाकलंस, एक पेढा उचललास, म्हणालीस, "विलासरावांना नेते," आणि जिना उतरून गेलीस. चार महिने आली नाहीस. मी निरोप पाठवला की पहिली आवृत्ती संपत आली, तर उलट निरोप आला, "अभिनंदन. माझी सात पानं परत दे." शोधली. खरंच शोधली. पण तेव्हाच्या त्या गडबडीत ती प्रुफांबरोबर रद्दीत गेली होती आणि तुझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. हे तुला सांगायलाही मी दुसऱ्या माणसाला पाठवलं.

मग एके दिवशी तू परत आलीस, काही झालंच नाही अशी, नव्या गोष्टीचा गठ्ठा घेऊन. त्या दिवसापासून नऊ वर्षं आपला एकच वाद चालला. बाहेरच्यांना वाटायचं, दोन म्हातारे होत चाललेले लोक प्रेमकथांवर भांडतायत. मी म्हणायचो, पोरांना आशा हवी असते. भयंकर जगाची गोष्ट सांगायची तर शेवटी कोणीतरी कोणाचा तरी हात धरलाच पाहिजे, नाहीतर आपण त्यांना अंधारात सोडून आलो असं होतं.

"हात धरायला कोणाची ना आहे?" तू म्हणायचीस. "पण अकरा महिने कोंडलेल्या पोरीला एकदम हात लावला तर ती काय करेल, ठाऊक आहे? ती ओरडेल."

"अगं, गोष्ट आहे ती. पाण्याला कधी कुलूप लागतं का? ते चालतं ना तुला?"

"पाण्याला कुलूप चालतं. तिथे मी सांगतेच आहे की हे जग मी बनवलंय. पण ती पोरगी मी बनवलेली नाही."

यावर मी काय म्हणालो, ते मला लख्ख आठवतंय. मी म्हणालो, "मग कोणी बनवली?" आणि हसलो. तू माझ्याकडे थोडा वेळ बघितलंस आणि मिसळ मागवायची का, असं विचारलंस. तू दार उघडून दिलं होतंस, शैला, आणि मी आत न येता मिसळ खाल्ली.

दुसऱ्या खेपेला, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत तुझं भाषण होतं, मी अध्यक्ष. प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, "मॅडम, रेवा आणि सोमाचं पुढे लग्न झालं का?" सगळा वर्ग खिदळला. तू म्हणालीस, "आधी तिला नीट झोप लागायला हवी. मग बघू." परत येताना रिक्षात मी कुरकुर केली की पोरांचा मूड घालवलास. तू म्हणालीस, "त्यांच्यातल्या एकीचा तरी नाही घालवला मी." मला तेव्हा हे नुसतं टाळीचं वाक्य वाटलं. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हटलं होतं की शैलाताईंना आता मोठी लेखिका झाल्यासारखं वाटायला लागलंय.

शेवटच्या महिन्यात दवाखान्यात तुला भेटायला आलो तो ठरवून आलो होतो. 'वाचलं नव्हतं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. तू भांडून दाराजवळची खाट मिळवली होतीस, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा धक्का लागत होता. तू नव्या अंकातल्या तीन चुका काढून ठेवल्या होत्यास. त्यावरून माझी खरडपट्टी काढलीस, नर्सला हसवलंस, मग दमून डोळे मिटलेस. मी दहा मिनिटं बसलो. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "काही बोलायचंय का?" मी म्हणालो, "नाही गं. बरी हो आधी." हे आपलं शेवटचं बोलणं. यापेक्षा फालतू शेवट मी कुठल्याही लेखकाला लिहू दिला नसता.

दहाव्याचं सगळं आटोपल्यावर विलासराव मला गुलाबाच्या वाफ्यांकडे घेऊन गेले. तुला माहीतच आहे, त्या माणसाला बोलायला मोकळी जागा लागते. मी सहज म्हणालो की विलासराव, तुम्ही प्रत्येक खोलीत शिरताना खाकरता, आताही रिकाम्या खोलीत जाताना खाकरलात, घसा एकदा दाखवून घ्या. ते हसले. मग त्यांचा चेहरा पडला.

"घशाला काय बी नाय झालं. सवय हाय ती. पाठीमागून गेलं का ती दचकायची, हातातलं पाडायची. मग मी लांबून आवाज द्यायला लागलो. लग्न झालं तवापासून."

"का पण?"

"तुम्हाला नाय सांगितलं तिनं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुम्ही तर शाळेपासूनचे."

मग त्यांनी सांगितलं. वसतिगृहातल्या बाई शिक्षा म्हणून पोरींना धान्याच्या कोठीत कोंडायच्या. दिवाळीच्या सुट्टीला सगळ्या पोरी घरोघरी गेल्या, तुझे वडील गाडीवर अडकले, आणि तुला कोठीत कोंडलंय हे सगळे विसरले. "दोन दिवस, दोन रात्री. स्वैपाकाची बाई पीठ न्यायला आली तवा दार उघडलं. ही सांगायची, आत पोती होती, ती मोजायची मी." विलासराव खाली वाकून तण काढू लागले. "पहिलं वरीसभर मी ओसरीतच झोपलो, दार उघडं ठेवून. घरचे लय बोलले मला. पण मी म्हणलं, ती बोलवील तवा जाईन. आपल्याला कुठं घाई हाय?"

मी त्या पोत्यांचं अर्धं पान केलं होतं, शैला. कंटाळवाणं म्हणून. त्या दिवशी वाफ्यांपाशी मी बांधावरच बसून घेतलं. विलासरावांना सांगितलं की ऊन लागतंय.

आणि तेराव्याला ती मुलगी आली. तिचं नाव लिहीत नाही, तिने तशी अट घातली आहे. निफाडकडच्या एका गावात राहते, द्राक्षं पॅक करतात तिथे ऑफिसात काम करते, वय चोवीस-पंचवीस. तिने पेपरात वाचलं आणि दोन बस बदलून आली. विलासरावांसमोर बसली आणि म्हणाली, "ताईंनी मला शेवटचं प्रकरण पाठवलं होतं. पुस्तकात नाही ते." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

दहावीत असताना तिने तुला पत्र लिहिलं होतं. ते पत्र आपल्या मासिकाच्या पत्त्यावर आलं असणार. म्हणजे मीच ते इतर पत्रांबरोबर न उघडता तुझ्या पिशवीत टाकलं असणार. त्यात तिने लिहिलं होतं, "सोमाने हात धरल्यावर रेवाची भीती गेली. माझा हात आई धरते, मैत्रिणी धरतात, तरी माझी जात नाही. माझ्यात काही चूक आहे का?" ते वाक्य लिहिणाऱ्याने हा प्रश्न तिच्याच तोंडून ऐकला. तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर. तिला काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. माझी ही जुनी खोड आहे, फक्त या वेळी त्यामागे भेकडपणा नव्हता, एवढं मला स्वतःपुरतं माहीत आहे.

तू तिला आठवून आठवून सगळं प्रकरण हाताने लिहून पाठवलंस. ती एकटीच नव्हती. विलासराव म्हणाले, रविवारी दुपारी तू लिहायला बसायचीस, त्यांना वाटायचं शाळेचे पेपर. पाकिटं तेच टपालात टाकून यायचे. किती पोरींना गेली कोणास ठाऊक. मी आवृत्त्यांवर आवृत्त्या काढत होतो आणि तू एकेक करून माझी चूक दुरुस्त करत होतीस, मला एका शब्दाने न सांगता. याचा मला राग आला, हेही लिहून ठेवतो. मला सांगितलं असतंस तर पुढच्या आवृत्तीत छापलं असतं की. मग आठवलं, तू सात पानं परत मागितली होतीस आणि मी माणूस पाठवला होता.

गेल्या रविवारी मी तिच्या गावी गेलो. तिने पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती. म्हणालो, तासाभरात झेरॉक्स काढून आणून देतो.

"झेरॉक्स नको," ती म्हणाली. "दुकानातला माणूस वाचेल."

"मग?"

"इथे बसून उतरवून घ्या. ताईंनी पण हातानेच लिहिलं होतं ना."

तिच्या आईने ओसरीत सतरंजी घातली, पाण्याचा तांब्या ठेवला. मी वही काढली आणि लिहायला बसलो. हाताने सलग लिहून मला किती वर्षं झाली असतील! पहिल्याच पानावर बोटं दुखायला लागली. लिहिताना वगळता येत नाही, शैला. प्रत्येक शब्दावरून जावंच लागतं. पाणी सुटून आठ दिवस झालेत. रेवा घराच्या पायरीवर बसलीय. सोमा कुंपणाशी येऊन विचारतो, "बसू का?" ती म्हणते, "नको." तो बरं म्हणतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पण आज तो जाताना तिच्या शेळीला पाला टाकून जातो. तिसऱ्या दिवशी त्याला यायला उशीर होतो आणि ती रस्त्याकडे बघतेय, हे तिच्या स्वतःच्याच लक्षात येतं आणि तिला स्वतःचाच राग येतो. मी ज्याला 'परत येतो, परत नको' म्हणून सोडून दिलं होतं, त्यात प्रत्येक 'नको' वेगळं होतं. एक घाबरलेलं, एक रुसलेलं, एक नुसतं सवयीचं. सहाव्या दिवशीचं 'नको' म्हणताना ती हसते. शेवटच्या पानावर ती म्हणते, "बस. पण तिकडे." तो तिकडे बसतो. दोघं शेळीबद्दल बोलतात. संपलं.

इतकी प्रेमाची गोष्ट मी उभ्या आयुष्यात छापलेली नाही. आणि हातात आली होती तेव्हा छापली नाही.

ओसरीत मी रडलो. तिच्या आईने मला ताक आणून दिलं आणि काही विचारलं नाही. त्या मुलीला मी म्हणालो, "बाळ, तुला एक खरं सांगतो. हे कापलं तो माणूस मीच. आणि कापताना मी हे वाचलं नव्हतं. ताईंना मात्र वाचलं म्हणून सांगितलं."

ती म्हणाली, "माहीत आहे." आणि तुझ्या पत्राचा शेवटचा कागद पुढे केला. तो तिने आधी दाखवला नव्हता. त्यात तू तिला लिहिलं होतंस की पुस्तकातला शेवट मनावर घेऊ नकोस, तुझ्यात काही चूक नाही, वेळ लागतो, मला अजून लागतोय. आणि त्याखाली होतं, "आमच्या संपादकावर रागावू नकोस. त्याने हे प्रकरण वाचलेलं नाही. वाचलं असतं तर त्याने ते कापलं नसतं, एवढं मी त्याला लहानपणापासून ओळखते."

ती म्हणाली, "छापा तुम्ही. माझं नाव नको. आणि कापू नका." विलासरावांनीही हो म्हटलं आहे. या अंकात हा लेख संपतो तिथून पुढची सात पानं तुझी आहेत. आमच्या नव्या मुद्रकाने सांगितलं की पानं फर्म्यात बसत नाहीत. मी त्याला सांगितलं की अजून एक फर्मा लाव.

पण तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मला सोडत नाही. तू मला नऊ वर्षं मनातून माफ करून ठेवलंस, आणि तेही त्या मुलीला लिहिलंस, मला नाही. मी रोज स्वतःला विचारतोय. त्या दिवशी मी सातही पानं नीट वाचली असती तर? दुसऱ्या दिवशी प्लेटा करायच्या, प्रदर्शन तोंडावर, आणि तेव्हाचा मी, ज्याला पोती मोजणारी मुलगी कंटाळवाणी वाटली होती. मला वाटतं, शैला, मी वाचूनसुद्धा कापलं असतं. तू मला ओळखण्यात चुकलीस. यावर तुझ्याशी भांडायचंय, अगदी कडाडून, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय की हा वाद तू जिंकावास.